गळ्यातलं दुकान

अरे, तू नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, फाटे फोडू नकोस, आधी सगळं ऐकून घे.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आप्पासो आवटी राहतो. तीस वर्षं त्यानं हळदीचे सौदे पुकारले. पोत्यांच्या थप्पीवर उभं राहायचं, खाली पन्नास व्यापारी, आणि हा वरनं भाव पुकारणार. माईक नाही, भोंगा नाही, तरी पार रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर ऐकू जायचं म्हणे. तर अशा माणसाला घशाचा कॅन्सर झाला. दुसरं काय, तंबाखू. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं.

पूर्वी असला माणूस जन्मभर पाटीवर लिहून दाखवायचा. आता कंठपट्टी आलीय. दोन बोटं रुंद, रबरासारखी मऊ पट्टी, गळ्याभोवती बसवायची. स्वरयंत्र गेलं तरी ओठ, जीभ, हनुवटीखालचे स्नायू शाबूत असतात ना? बोलायचं म्हटलं की ते हलतात. त्यांच्यातली बारीकशी वीज पट्टी पकडते, त्यावरनं शब्द ओळखते आणि बटणाएवढ्या स्पीकरमधनं बोलते. ओठ हलले की अर्ध्या सेकंदात आवाज. भारी वस्तू आहे, त्यात वाद नाही.

घाण पुढं आहे. पट्टी एका कंपनीची. त्या कंपनीनं आवाज दिलेले तीन. पुरुष एक, पुरुष दोन, स्त्री एक. बास. आणखी काही पाहिजे असेल तर कंपनीच्याच ॲपबाजारातनं घ्यायचं. आप्पाच्या वाट्याला आला पुरुष एक. स्टेशनवर गाडी उशिरा येणार म्हणून सांगतो ना, तसला आवाज.

आणि आप्पाची बायको आंधळी. आक्का म्हणतात तिला सगळे. साखरेनं तिची नजर नऊ वर्षांपूर्वी गेली. म्हणजे बघ, तिच्यासाठी नवरा म्हणजे आवाजच की. दवाखान्यातनं आप्पा घरी आला, दारातनं हाक मारली, "आलो गं." पट्टी म्हणाली, "मी आलो आहे." आक्का उठून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "कोण पायजे? ते दवाखान्यात हायत."

नंतर तिला समजावलं सगळ्यांनी. तिला कळायचंही. पण पुरुष एक बोलला की तिचा हात आपोआप पदराकडं जायचा. दोन महिने! स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यासमोर.

हे सगळं बघत होती सुकन्या मगदूम. दोन घरं सोडून राहते. सव्वीस वर्षांची, घरात बसून पुण्याच्या कुठल्याशा कंपनीसाठी कोड लिहिते. तिची आई अधनंमधनं आवट्यांकडं डबा पाठवायची. सुकन्या डबा घेऊन गेली की तो पदर बघायची. एक दिवस तिला काही सहन होईना. तिनं ठरवलं, आप्पाला त्याचाच आवाज बनवून द्यायचा.

त्यासाठी जुना आवाज पाहिजे. व्यापाऱ्यांच्या मोबाईलमध्ये सौद्यांचे व्हिडिओ पडलेले, तिनं दारोदार फिरून अकरा तासांचं ध्वनिमुद्रण गोळा केलं. महिनाभर खपून ॲप बनवलं, नाव ठेवलं 'हाळी'. आणि पहिल्या दिवशी काय झालं असेल? अरे, सगळं मुद्रण सौद्याचं! आप्पा म्हणाला, "चहा टाक," आणि पट्टीनं असा काही पुकारा केला की शेजारचा माणूस दाढीचा फेस तसाच घेऊन पळत आला. आप्पा चहा मागतोय का लिलावात काढतोय तेच कळेना. हसून हसून मेले सगळे.

मग सुकन्यानं कुणाच्या तरी लग्नाची जुनी चित्रफीत शोधली. त्यात आप्पा पंगतीत वाकून कुणाला तरी हळू आवाजात, "घ्या की, लाजताय काय," म्हणून जिलेबीचा आग्रह करत होता. तेवढी चार मिनिटं मिळाली. त्यावर पुन्हा पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी आप्पा आक्काच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आक्का, ऊन आलंय, आत सरक."

आक्कानं आवाजाकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "कधी आलासा?"

दोन महिने माणूस घरात होता आणि ती विचारत होती, कधी आलासा.

सुकन्यानं 'हाळी' ॲपबाजारात टाकलं. दवाखान्यांच्या रांगांमधनं बातमी पसरली. मिरज, तासगाव, जत, पार विजापूरपर्यंत. सहा महिन्यांत चारशे बारा माणसं स्वतःच्या आवाजात बोलायला लागली. किंमत? शून्य. कारण बाजाराचा नियम असा की पैसे घ्यायचे तर त्यांच्याच खिडकीतनं घ्यायचे, त्यातले तीस टक्के त्यांचे. आणि हे दुसरीकडं मिळतं, स्वस्त मिळतं, असं ॲपमध्ये कुठंही म्हणायचं नाही. साधी लिंकसुद्धा द्यायची नाही. सुकन्याला वाटलं, आजाऱ्यांकडनं घेऊन ह्यांना कशाला भरवू? फुकटच ठेवते, कटकट मिटली.

पण यार, आपल्याकडची माणसं! आवट्यांच्या घरातनं दुसऱ्याचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं नाही. निदान मूठभर साखर तरी घालायची, आक्काचा दंडकच. सुकन्याच्या आईचा डबा आला होता. आप्पानं तो घासून, पुसून, काठोकाठ राजापुरी हळदीनं भरला आणि स्वतः नेऊन दिला. दारात उभा राहून म्हणाला, "पोरी, तू ह्या आवाजाचं पैसं घेत न्हाईस. मग हे तरी घे."

हीच चूक झाली. आणि ती एकट्या आप्पानं केली असं नाही. तासगावच्या एकानं बेदाणे आणले. एका बाईनं चिंच आणली, सोलून, गोळे करून. प्रत्येक जण दारात उभं राहून तेच म्हणाला, आवाजाबद्दल हे घे. गळ्यात पट्टी होती ना प्रत्येकाच्या.

पट्टीनं ऐकलं.

एका मंगळवारी सकाळी सुकन्याला नोटीस आली. 'ॲपच्या मोबदल्यात दुकानाबाहेर वस्तू स्वीकारल्याच्या अडतीस नोंदी.' खाली तारीखवार, वेळेसकट, प्रत्येकाचं वाक्य जसंच्या तसं छापलेलं. आप्पाचं वाक्यही. म्हणजे गळ्यात बसून ऐकत होते, यार! माणूस आभार मानतोय, आणि ते आभार पुरावा म्हणून फाईलला लागतायत. शी! सुकन्याला ते वाचताना अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ती नोटीस वाचत होती तेवढ्यातच 'हाळी' बाजारातनं गेली, आणि चारशे बारा गळ्यांमधनं सुद्धा. जेवताना, फोनवर बोलताना, नातवाला ओरडताना, मधेच आवाज बदलला. सगळे पुरुष एक. बायका, स्त्री एक.

आवट्यांच्या घरात आक्काचा हात पुन्हा पदराकडं गेला.

सुकन्यानं आधी माफीचे चार मेल लिहिले. चारहींना यंत्राचं उत्तर, शब्दही तेच. मग ती गेली इरफान बारगीरकडं. तिच्याच वर्गातला, आता वकील झालाय, नवा नवा आहे पण डोकं तल्लख. त्यानं नोटीस वाचली आणि विचारलं, "हळद ठेवलीस का परत केलीस?"

"परत कशी करणार? आमटीत गेली."

"बोंबला. म्हणजे मुद्देमाल खाल्लास."

तरी त्यानं केस घातली. फी घेतली नाही. म्हणाला, "बेदाणे आहेत ना अजून? ते दे."

केस होती डिजिटल व्यवहाराच्या लवादापुढं, पुण्यात. मागणी एकच. पट्टी ज्यानं घातलीय त्याला पाहिजे ते ॲप पाहिजे तिथनं घेता आलं पाहिजे. तोवर सुकन्यानं 'हाळी' स्वतःच्या साईटवर ठेवलं होतं, पण पट्टीला कुलूप, बाहेरचं काही चढतच नव्हतं. कंपनीकडनं आल्या होत्या देवस्थळी वकीलबाई. आवाज गोड, कडक इस्त्रीची साडी, कुणाशी एक शब्द वाकडा नाही.

साक्षीला आप्पा उभा राहिला. इरफाननं विचारलं, "'हाळी' कंपनीच्या दुकानाशिवाय दुसरीकडं कुठं मिळतं, हे तुम्हाला माहीत आहे का?"

आप्पाचे ओठ हलले. समोर बसलेल्या सुकन्याला ते ओठ वाचता येत होते, तो म्हणत होता, व्हय, सुकन्याच्या साईटवर हाय. आणि पट्टीतनं आवाज आला, "अधिक माहितीसाठी ॲपबाजाराला भेट द्या."

आप्पा बिचकला. त्यानं पुन्हा ओठ हलवले, या वेळी सावकाश, एकेक शब्द तोडून.

"अधिक माहितीसाठी ॲपबाजाराला भेट द्या."

आप्पानं गळ्याला हात लावला. आत कुणीतरी दुसरंच बसलंय असा त्याचा चेहरा झाला. कळलं ना तुला? दुसरीकडं मिळतं असं ॲपमध्ये म्हणायचं नाही, हा जो नियम, तो त्यांनी थेट माणसाच्या गळ्यात घातला होता.

इरफान उसळला, "साहेब, हे ॲप नाही, हा माणूस आहे!"

देवस्थळीबाई उठल्या. शांतपणे म्हणाल्या, "माणूस आहेच. त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण आवाज सॉफ्टवेअरचा आहे. नियम आवाजाला आहे."

सुकन्याला तिथं बसवेना. पदरचं सांगत नाही, ती उठून बाहेर गेली आणि नळाखाली तोंड धुऊन आली. परत आली तोवर लवादाच्या साहेबांनी आप्पाला कागद दिला होता. आप्पा सातवी शिकलेला, तो ओळीखाली बोट धरून लिहितो. त्यानं लिहिलं, 'व्हय. सुकन्याकडं. फुकट.' मग जरा थांबून त्याच्याखाली, 'आत्ता बोलला तो मी न्हवं.'

केस जिंकली! खरंच. महिन्याच्या आत बाहेरच्या ॲपना वाट मोकळी करून द्या, असा हुकूम झाला. सुकन्या आणि इरफाननं गाडीत बसल्या बसल्या पेढ्यांचा अख्खा खोका संपवला.

एकोणतिसाव्या दिवशी कंपनीचं अपडेट आलं. वाट मोकळी. फक्त 'हाळी' चढवताना नऊ वेळा भीती घातलेली, खरंच पाहिजे का, नक्की का, धोका आहे हं. ठीक आहे, नऊ वेळा हो म्हणायचं. शिवाय बाहेरच्या व्यवहारातही सत्तावीस टक्के कंपनीचे, आणि दर महिन्याला एक तक्ता भरायचा. त्यात रकाना होता, 'स्वीकारलेल्या वस्तूचे वजन'. हळदीचं वजन, यार! त्यावरही सुकन्या हसली. म्हणाली, भरते की.

मग आप्पानं पट्टी लावली आणि बोलला.

"सावधान. हा आवाज तपासलेला नाही. आक्का, पाणी दे."

पहिलं पुरुष एकच्या आवाजात, पुढचं आप्पाच्या. आक्का म्हणाली, "ह्यो कोण मधीच तडमडला?"

"सावधान. हा आवाज तपासलेला नाही. कुणी न्हाई गं."

दोन सेकंद थांबलं की पुढच्या वाक्याआधी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी. हुकुमात वाट मोकळी करा असं होतं, वाटेवर ओरडू नका असं कुठं होतं? इरफाननं हुकूम तीनदा वाचला आणि टेबलावर आपटला. अपील केलं, पण तारीख मिळाली दीड वर्षापुढची.

आप्पानं तोड काढली, ती तर त्याहून वाईट. तो थांबेनासाच झाला. दिवसभर गप्प राहायचा, बोलायचं सगळं मनात साठवायचा. मग संध्याकाळी आक्काजवळ बसून एका दमात सुटायचा, मीठ संपलंय थोरल्याचा फोन आला होता तुझी गोळी घेतलीस का पाय दाबू का, मधे श्वाससुद्धा नाही. म्हणजे सावधान एकदाच येईल. आक्काला काही बोलायला जागाच नसायची. ती मधे "हं" म्हणाली की आप्पा थांबायचा, आणि थांबला की पुन्हा तो स्टेशनवाला. मग आक्कानं "हं" म्हणणंही सोडलं. सुकन्या एकदा हे दारातनं बघून परत गेली. तिचंच ॲप, तिनंच जिंकलेली केस, आणि घरात ही अवस्था.

त्यातच आप्पाचा आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, दिवाळी बघतील. पुढचं सांगता येत नाही.

आणि हे कंपनीला कळलं. कसं कळलं म्हणून काय विचारतोस? दवाखान्यात डॉक्टरशी बोलताना पट्टी गळ्यातच होती ना.

देवस्थळीबाई स्वतः सांगलीला आल्या. आवट्यांच्या घरी, सकाळी अकराला, फळांची करंडी घेऊन. सुकन्याला तिथंच बोलावलं. टॅबवर करार उघडून समोर ठेवला, सही म्हणजे खाली अंगठा टेकवायचा. कंपनी 'हाळी' विकत घेणार. चारशे बाराही जणांचं सावधान त्याच दिवशी बंद. आप्पासाहेबांना सेवा आयुष्यभर मोफत, बाकीच्यांना महिना तीनशे नव्व्याण्णव. सुकन्यानं अपील मागं घ्यायचं आणि पट्टीसाठी पुन्हा काही बनवायचं नाही. तयार झालेले सगळे आवाज कंपनीच्या संग्रहात.

आक्कानं विचारलं, "संग्रहात म्हंजे?"

"सुरक्षित राहतील, आजी. त्यांच्या पश्चातसुद्धा."

"आणि दुसऱ्या कुणाला आवडला तर?"

"त्यांना नियमानुसार घेता येईल."

"म्हंजे ह्यांच्या माघारी, ह्यांच्या आवाजात, कोणबी बोलंल?"

देवस्थळीबाईंनी कप खाली ठेवला. "तांत्रिकदृष्ट्या, हो. पण नाव गुप्त राहील."

आक्का म्हणाली, "चहा झाला असंल तर उठा."

"सावधान. हा आवाज तपासलेला नाही. थांब गं जरा पोरी तू सही कर," आप्पा एका दमात सुटला, "मला हिच्याशी चार दिवस धड बोलू दे मग त्या आवाजात कुत्रं का भुंकंना मी काय ऐकायला हाय व्हय—"

"मी हाय न्हवं ऐकायला!" आक्का ओरडली. "मी हाय! उद्या रस्त्यानं कोणतरी ह्यांच्या आवाजात बोलत गेला तर मी काय करायचं? दार उघडायचं? सुकन्या, करू नगंस."

"सावधान. हा आवाज तपासलेला नाही. कर."

"करू नगंस."

"सावधान. हा आवाज—"

सुकन्यानं इरफानला फोन लावला. तो म्हणाला, "अपील आपण जिंकू. मला खात्री आहे. त्यांना पण आहे, म्हणून तर आल्यात. तू सोडलंस तर उद्या कुठल्याच पट्टीत, कुठल्याच यंत्रात, कुणालाच बाहेरचं काही घालता येणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण दिवाळीला किती दिवस राहिले, ते मी कसं विसरायला सांगू तुला?"

सही एकट्या सुकन्याची पाहिजे होती. आप्पाची लागत नव्हती, आक्काची तर नाहीच. आवाज आप्पाचा, ऐकणार आक्का, आणि अंगठा सुकन्याचा.

तिनं अंगठा टेकवला.

आक्का उठली. भिंत चाचपत आत गेली. देवस्थळीबाईंनी सुकन्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही योग्य तेच केलंत." तो हात सुकन्यानं घरी जाऊन तीनदा साबणानं धुतला.

दुसऱ्या दिवसापासनं फोन सुरू झाले. तिला वाटलं, लोक शिव्या घालतील. दोघातिघांनी घातल्या पण. बाकीचे सगळे, अरे, बाकीचे सगळे आभार मानत होते. स्वच्छ आवाजात, मधे सावधान नाही, काही नाही. तीनशे नव्व्याण्णव काय, महिन्याला तंबाखूलाच जायचे म्हणाले. हेच तिला सगळ्यात घाण वाटलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. इरफाननं केसची फाईल आणून दिली, वर बेदाण्यांची उरलेली पिशवी ठेवली आणि पुण्याला कामाला निघून गेला.

चौथ्या दिवशी ती आवट्यांकडं गेली. दार उघडंच होतं. आतनं आप्पाचा आवाज आला, नितळ, पंगतीतला.

"सांडगी मिरची कुठं ठेवलीस गं?"

मग शांतता. दोन सेकंद, तीन, चार. कुणी मधे तडमडलं नाही.

"डोळं तुम्हाला हायत का मला?" आक्का आतनं म्हणाली. "शोधा की."

"हितं न्हाई."

"नीट बघा."

"बघितलं."

"मग मेली म्हणा मिरची."

आणि आप्पा हसला. पट्टीला हसता येतं का हे सुकन्यानं कधी तपासलंच नव्हतं, पण येत होतं. आक्कापण हसली. मग परत शांतता, भांड्याचा आवाज, मग परत काहीतरी बारीकसारीक. सुकन्या उंबऱ्याबाहेर उभी होती, पायात चप्पल तशीच. तिनं आत पाऊल टाकलं नाही. तशीच मागं फिरली.

दिवाळी अजून व्हायचीय. आक्का तिच्याशी अजून बोलत नाही.

आता सांग. आप्पा समोर बसलाय, आक्का समोर बसलीय, आणि अंगठा तुझा आहे. तू काय केलं असतंस?